कवितेची दवंडी

माझी पहिली कविता ढोलावर प्रसिद्ध झाली.

मासिकात नाही, पुस्तकात नाही, ढोलावर. जव्हार संस्थानात त्या काळी जे काही प्रसिद्ध व्हायचं ते ढोलावरच व्हायचं. गुरं दुसऱ्याच्या शेतात सोडू नयेत, रानाला आग लावू नये, महाराजांची स्वारी अमुक वाटेनं येणार आहे तरी वाट झाडून ठेवावी, असले हुकूम लखमा दवंडीवाला गावोगाव ढोल बडवून सांगत फिरायचा. आणि त्या दवंड्यांचा मजकूर लिहून देणारा कारकून होतो मी! म्हणजे माझं गद्य डोंगराडोंगरांतून गाजत होतं. पण गद्याला कोण विचारतो? मला व्हायचं होतं कवी.

(कवी व्हायला लागणारं बाकी सगळं माझ्याकडे होतं. पागोट्यात मावणार नाहीत इतके केस होते, उसासे होते, कचेरीच्या खिडकीतून डोंगर दिसत होता. फक्त कविता छापणारं कुणी भेटत नव्हतं.)

माझं लग्न होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. बायकोचं नाव यमुना, माहेर मोखाड्याचं. तिचे वडील, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, जव्हारच्या दरबारात हयातभर नोकरी करून पेन्शनीत निघाले होते आणि मोखाड्याच्या जुन्या घरी राहत होते. मोखाडा इंग्रजी मुलखात. वाटेत हद्दीचा दगड होता, त्याच्या अलीकडे आमच्या महाराजांचं राज्य आणि पलीकडे विलायतेच्या बादशहाचं. पण अण्णा पलीकडे राहूनही मनानं अलीकडचेच होते. जव्हारच्या कचेरीतून साधी चिठ्ठी आली तरी ते पागोटं घालून, उभं राहून वाचायचे.

यमुनेनं पहिलं वर्षभर माझ्या कविता निमूटपणे ऐकल्या. म्हणजे ती तांदूळ निवडायची आणि मी वाचायचो. सुपातले खडे संपायचे, पण माझी कडवी संपायची नाहीत. मग चैत्रातल्या एका सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, दोन्ही हात पसरून, एक नवीन कविता म्हणत होतो. (त्या कवितेला हात पसरणं आवश्यकच होतं.) चुलीवर दूध वर आलं. यमुना बाहेरून धावत आली, पण दारात मी! शेवटचं कडवं होईपर्यंत मी काही बाजूला झालो नाही. दूध सगळं चुलीत गेलं.

यमुना रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे चूल पुसली आणि विचारलं, "या कविता तुम्ही आणखी कुणाला ऐकवता?"

"कुणालाच नाही. तुझ्यासाठीच तर आहेत."

"म्हणजे सगळं मी एकटीनंच सोसायचं?"

"सोसायचं काय त्यात?"

"ते चारचौघांना विचारा. आधी तुमची कविता लोकांत प्रसिद्ध होऊ दे, चार गावच्या लोकांना ऐकू दे. मग मी येते." असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी अण्णांच्या गाडीतून माहेरी गेली.

आठ दिवस मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग घर खायला उठलं. मला वरणाला फोडणी घालता येत नव्हती, आणि कविता म्हणायला घरात भिंतींशिवाय कुणी नव्हतं. मी मासिकांकडे कविता पाठवायचा सपाटा लावला. त्या परतही तितक्याच सपाट्यानं येत. एका संपादकांनी मात्र आपुलकीनं दोन ओळी लिहिल्या होत्या, 'आपले अक्षर फारच सुंदर आहे. ते इतरत्र उपयोगी पडावे.'

माझ्या शेजारी कासमभाईंचं बांगड्यांचं दुकान होतं. ते माल आणायला नाशिकला जायचे, त्यामुळे जगाची त्यांना माहिती. मी त्यांना माझं दुःख सांगितलं. त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवता चढवता ते ऐकून घेतलं.

"रायटरसाब, तुम्ही नोकरी कुणाची करता?"

"दरबारची."

"मग दरबारला सांगा ना. घरात विहीर असताना गावभर कशाला फिरता?"

मला हे एकदम पटलं. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. मेहेरबान कारभारीसाहेबांचे सेवेशी, अर्जदार याने रचलेली कविता संस्थानतर्फे प्रसिद्ध व्हावी, वगैरे. आणि खाली माझ्या सुंदर अक्षरात कविता काढली.

ये यमुने, ये घेउनि घागर,
तळ्याकाठि या सांजेला;
तुजविण येथे प्राण तळमळे,
कोण निववि या तृषिताला?

आमच्या कारभाऱ्यांना सगळे रावसाहेब म्हणत. माणूस भला, पण दुपारी जेवणानंतर त्यांच्यापुढे कागद ठेवला तर ते न वाचता सही करत आणि वाचलाच तर चिडत. मी दुर्दैवानं मधली वेळ साधली. त्यांनी अर्धा कागद वाचला.

"विनायकराव, आपल्याकडे छापखाना आहे का?"

"नाही, रावसाहेब."

"मग प्रसिद्ध कशावर करू? महाराजांचं लग्न ढोलावर प्रसिद्ध झालं. तुमची कविता काय त्याहून मोठी आहे?"

मी म्हटलं, नाही.

"मग द्या लखमाकडे. आणि खिडकी लावून घ्या जाताना." एवढं बोलून त्यांनी शेरा मारला, सही केली आणि डोळे मिटले.

खरं म्हणजे इथे एखादा शहाणा माणूस अर्ज परत घेऊन घरी गेला असता. पण मला यमुनेचे शब्द आठवले. चार गावच्या लोकांना ऐकू दे! ती छापायचं कुठे म्हणाली होती? छापलेली कविता फार तर पन्नास जण वाचतात, त्यांतले निम्मे कवीचे नातेवाईक. ढोलावरची कविता अख्खी पंचक्रोशी ऐकणार होती. माझ्या आधी कुठल्या कवीला हे सुचलं नव्हतं. (का सुचलं नव्हतं, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.)

मी लखमाला बोलावून ओसरीवर तालमीला बसवलं. लखमाचा आवाज असा, की तो कुजबुजला तरी पलीकडच्या आळीतली कुत्री उठून उभी राहायची. मी कविता दोनदा म्हणून दाखवली. त्यानं मान हलवत ऐकली.

"सायेब, यात हुकूम कठं हाय?"

"यात हुकूम नाही, लखमा. यात भावना आहे."

"बरां. ती कवापर्यंत भरायची?"

"भरायची नाही. भावना नुसती ऐकायची."

"आन् नाय ऐकली तं काय व्हईल?"

"काही होणार नाही."

हे ऐकून लखमाचा चेहरा पडला. काहीच होणार नसेल अशी दवंडी त्यानं जन्मात दिली नव्हती. मी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं, की जसं आहे तसं म्हणायचं, 'तळमळे'वर थोडं थांबायचं आणि ढोल हळू वाजवायचा. त्यानं सगळ्याला हो म्हटलं.

"पर सायेब, वरच्या पाड्यांवर तुमची ही बामणी बोली कळत नाय. मी आदुगर तुमचां बोलतो, मंग त्यांच्या बोलीत सांगतो. समद्या दवंड्या तशाच देतो."

"दे, दे," मी म्हणालो. माझं लक्ष कुठे होतं? मी त्याच्या हातावर तंबाखूचा पुडा ठेवत होतो आणि सांगत होतो, की जामसर आणि वांगणी झालं की हद्दीपलीकडे मोखाड्याच्या बाजारातही एकदा वाजव. बाजाराला लागून कौलारू घर आहे, बाहेर पेन्शनर बसलेले असतात, तिथे जरा जास्त वेळ वाजव.

"आन् कवाच्या सांजंला यायचां? दवंडीत दीस सांगायला लागतो."

मी विचार केला. यमुनेला निघायला वेळ हवा. "येत्या पौर्णिमेच्या," मी म्हणालो. हे मी आपणहून सांगितलं, कुणी जबरदस्ती केली नव्हती.

पौर्णिमेच्या दिवशी मी दाढी केली, केसांना तेल लावलं आणि धुतलेला अंगरखा घातला. ती येईल अशी माझी खात्री होती. ती नाही आली तर काय, हा विचार मी करत नव्हतो. दुपारी कासमभाई दुकानातून ओरडले, "रायटरसाब, आज सण कुठला?"

"कुठलाच नाही. का?"

"मग या बायका घागरी घेऊन कुठे चालल्यात? सकाळपासून रांग आहे."

मी बाहेर आलो. खरंच, बाजारातून बायका चालल्या होत्या. डोक्यावर घागर, मागे नवरा, त्याच्या खांद्यावर पोर. कुणाच्या घागरीला झेंडूचा तुरा होता. सगळ्यांचं तोंड तळ्याकडे. मी त्यांच्यामागून चालायला लागलो.

तळ्याच्या काठावर जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. झाडांखाली बायका टेकल्या होत्या, पोरं पाण्यात डुंबत होती. मी पहिल्या झाडाखालच्या माणसाला विचारलं, "कुठून आलात?"

"जामसरशी. ही जमनी. मी हिचा दादला."

"कशासाठी आलात?"

"हुकूम झाला ना. जमनी नावाच्या बाईनं घागर घेऊन पुनवेच्या सांजंला जव्हारच्या तळ्यावर यायचां. सायेब तहानेला हाय."

"कोण साहेब?"

"त्ये लखमानं नाय सांगलां. पर लई तहानेला हाय. तळमळतं हाय."

"आणि आला नसतात तर?"

"जी नाय येईल तिनं कचेरीत जबाब द्यायचा. समद्या दवंडीत असतां तसां."

मी डोक्याला हात लावला. यमुना म्हणजे जमना, आणि जमना म्हणजे जमनी. आणि आमच्या डोंगरात दर पाड्यावर एक तरी जमनी असतेच. लखमा ढोलाशेजारीच बसला होता. मी त्याच्यावर डोळे वटारले, तर तो उलट खुशीत म्हणाला, "सायेब, एकपण जमनी घरी नाय ऱ्हायली. शेवट तेवढा मी लावला. त्याबिगर दवंडी पुरी व्हत नाय."

"अरे, पण यांना संशय कसा आला नाही? राज्यभरातल्या फक्त जमन्याच कशाला बोलावल्या, असं कुणी विचारलं नाही?"

याचं उत्तर वांगणीहून आलेल्या एका आजीनं दिलं. "त्यात इचारायचां काय? औंदा पाणी लवकर आटलां. राजानं नदीच्या नावाच्या बाया बोलावल्या, पावसाला साकडां घालाया. चांगला इचार केला राजानं." तिनं शेजारच्या दोघींकडे बोट दाखवलं. "ह्या गंगी नं गोदी. ह्यांना नाय बोलावलां, तरी आल्या. ह्यांच्या नद्या काय लहान हायत?"

मला खरोखर लाज वाटली. चैत्र-वैशाखाच्या उन्हात या बाया घरचं काम टाकून डोंगर उतरून आल्या होत्या, आणि कशासाठी, तर मला 'सांजेला'चं यमक सुचलं म्हणून. आता यांना खरं सांगायलाच हवं होतं. मी एका दगडावर चढलो.

"बायांनो, हा हुकूम नाही. ही कविता आहे. मी रचली."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"यमुना म्हणजे माझी बायको. मी तिला बोलावत होतो."

"मंग तिलाच बोलावायचां," जामसरची जमनी म्हणाली. "आमाला कशाला बोलावलां?"

"ती कठं हाय?" वांगणीच्या आजीनं विचारलं.

"माहेरी."

"भांडून गेली?"

मी मान खाली घातली. बायांत कुजबुज झाली, मग हसू फुटलं, आणि ते हसू तळ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलं. मला वाटलं, आता या शिव्या घालून घरी जातील. पण त्या उठायच्या ऐवजी नीट मांडी घालून बसल्या.

"आथा आलोच हाव," आजी म्हणाली, "तं ती येते का नाय, बघूनच जाव."

म्हणजे आतापर्यंत माझी फजिती घरगुती होती, ती आता सार्वजनिक झाली. यमुना आली नाही तर हे सगळ्या जमन्यांच्या देखत कळणार होतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पाड्यांवर. कासमभाईंनी तेवढ्यात बांगड्यांची पेटी आणून एका झाडाखाली दुकान मांडलं होतं. जाता जाता ते माझ्या कानात म्हणाले, "रायटरसाब, दिवाळीच्या सुमाराला आणखी एक कविता लिहा."

मग रावसाहेब आले. झोपेतून उठून आले होते, कारण पागोटं उलटं होतं. त्यांच्या हातात माझा अर्ज होता आणि या खेपेस त्यांनी तो पूर्ण वाचलेला दिसत होता.

"विनायकराव, हे काय आहे?"

"काव्य, रावसाहेब."

"कोण निववि या तृषिताला. आणि खाली माझी सही!"

मी काही बोलायच्या आत बाजूची एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. ती म्हणाली, "सायेब, आमच्या पाण्याचां काय? आमी सूर्यमाळशी आलो हाव. तकडं झरे आटले."

"सूर्यमाळ?" रावसाहेबांचा आवाज एकदम बारीक झाला. "ते तर हद्दीपलीकडे. तुम्ही इंग्रजांची रयत."

"व्हय. मोखाड्याच्या बाजारात ऐकलां नं आलो."

रावसाहेब मटकन खाली बसले. बसले ते कुणाच्या तरी घागरीवर, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "आपण इंग्रजी मुलखात हुकूम वाजवला," ते माझा हात धरून म्हणाले. "तिथल्या बायका बोलावल्या. न आल्या तर जबाब द्या म्हणालो. उद्या ठाण्याहून कलेक्टरसाहेबांनी विचारलं, तर मी काय सांगू? कारकुनाचा प्राण तळमळत होता म्हणून सांगू?"

त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "चौथी ओळ त्यांना नक्की आवडेल." रावसाहेबांनी माझा हात सोडला.

एवढ्यात मोखाड्याच्या वाटेवर बैलगाडी दिसली. पुढे अण्णा, ताठ बसलेले, डोक्यावर दरबारी पागोटं. मागे यमुना, मांडीवर पितळी घागर. माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं, की लखमाचा ढोल त्यापुढे काहीच नाही. सगळ्या जमन्या उठून उभ्या राहिल्या.

अण्णा गाडीतून उतरले आणि थेट रावसाहेबांपुढे जाऊन मुजरा केला.

"हुकमाप्रमाणे मुलीला घेऊन हजर आहे."

"अहो, पण तुम्ही इंग्रजी हद्दीत राहता," रावसाहेब काकुळतीला येऊन म्हणाले. "तुम्हाला हा हुकूम लागू नाही."

"पेन्शन जव्हारची खातो," अण्णा म्हणाले. "दवंडी माझ्या अंगणात वाजली. बराच वेळ वाजली. यमू म्हणत होती जायचं नाही. मी म्हटलं, दरबारची आज्ञा आहे, घागर घे."

हे ऐकून माझा उरलासुरला आनंद मावळला. ती माझ्या कवितेवरून आली नव्हती, वडिलांच्या धाकानं आली होती. यमुनेनं सगळी गर्दी पाहिली, घागरी पाहिल्या, लखमाला पाहिलं, दगडाजवळ उभ्या असलेल्या मला पाहिलं. तिला काय घडलं ते समजायला एवढं पुरलं. ती सरळ तळ्यावर गेली, घागर भरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तहान लागली होती म्हणे."

"हो," मी म्हणालो.

"प्या मग."

मी ओंजळ धरली. ती पाणी ओतत राहिली आणि मी पीत राहिलो. सगळ्या बायका बघत होत्या, त्यामुळे पुरे म्हणायची माझी छाती झाली नाही. घागर निम्मी झाली तेव्हा सूर्यमाळची म्हातारी म्हणाली, "पुरां गं, फुटंल तो." मग यमुनेलाही हसू आवरलं नाही.

पण रावसाहेबांना कलेक्टर दिसत होते. त्यांनी मला तिथेच कागद आणायला लावला आणि मजकूर सांगितला. मी माझ्या सुंदर अक्षरात लिहिला. 'सर्व लोकांस कळविण्यात येते की, दवंडीने प्रसिद्ध झालेली कविता आजपासून रद्द समजावी. तीमधील तहान, तळमळ व सांजवेळ यांस कचेरीची मंजुरी नाही. आलेल्या बायांनी गूळ-चणे घेऊन आपापल्या घरी जावे.'

आजवर कवींना लोक हसलेले आहेत, त्यांच्या कविता साभार परत आलेल्या आहेत, पण सरकारी हुकमानं कविता रद्द झालेला कवी मी एकटाच असेन. आणि तो हुकूम मीच लिहिला, शुद्धलेखनाची एकही चूक न करता!

लखमानं ढोल बडवला. या खेपेस मात्र त्यानं शब्द न् शब्द जसाच्या तसा म्हटला. बाया गूळ-चणे पदरात बांधून घेऊ लागल्या. सूर्यमाळची म्हातारी घागर भरायला तळ्याकडे वळली, "आलेच हाय तं भरून नेते," म्हणत. आणि अण्णांनी गाडीकडे हात केला.

"चल, यमू. हुकूम रद्द झाला."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. येण्याचा हुकूम रद्द म्हणजे परत जाण्याला मोकळीक! अण्णांचं चुकत नव्हतं, ते आयुष्यभर असेच वागत आले होते. मी यमुनेकडे पाहिलं. मला सांगायचं होतं, की तुझ्याविना घरात मला करमत नाही, भात रोज करपतो, आणि मी दारात उभा राहणार नाही. एरवी चौदा कडवी धडाधड म्हणणाऱ्या माझ्या तोंडातून एक शब्द फुटेना. कसाबसा म्हणालो, "राहा ना."

"यमू, चल," अण्णा पुन्हा म्हणाले.

"कुठे?"

"घरी. हुकूम रद्द झाला ना."

"कुठला हुकूम? मला नाही ऐकू आला."

"अगं, इथे कानाशी ढोल वाजला!"

"नाही बाई ऐकू आला."

अण्णांनी लखमाला खूण केली. लखमानं पुन्हा ढोल बडवला, असा की झाडावरचे कावळे उडाले, आणि सगळा मजकूर पुन्हा सांगितला. यमुना लक्षपूर्वक तळ्याकडे बघत राहिली.

"आता?" अण्णांनी विचारलं.

"काय म्हणालात, अण्णा?"

"आमी पण नाय ऐकलां," जामसरची जमनी तोंडातले चणे चावत म्हणाली. वांगणीच्या आजीनंही नाही ऐकलं. गंगी आणि गोदीनं तर दवंडी झाल्याचंच नाकारलं.

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मग रावसाहेबांकडे वळून दरबारी आवाजात म्हणाले, "दवंडी जिच्या कानी पडली नाही, तिला आधीचाच हुकूम लागू. मी चाळीस वर्षं नोकरी केली आहे, मला शिकवू नका." त्यांना कुणीच शिकवत नव्हतं. त्यांनी गाडी वळवली, आणि वळणावर गेल्यावर पागोटं काढून डोळे पुसले, असं कासमभाई सांगतात.

यमुना निम्मी घागर कमरेवर घेऊन माझ्यापुढे घरी चालायला लागली. मी मागून चाललो होतो. मला त्या संध्याकाळी इतका आनंद झाला होता, की वाटेतच एक नवीन ओळ सुचली. मी ती मोठ्यानं म्हटलीसुद्धा.

यमुनेनं वळून पाहिलं नाही.

आता आम्ही दोघं म्हातारे झालो. माझे कान गेले, तिचे शाबूत आहेत. रस्त्यावरून भाजीवाली गेली तर मेथी आहे की शेपू, हे ती आत बसून सांगते. फक्त मी कविता म्हणायला लागलो, की त्या दिवशी आलेलं बहिरेपण तिला परत येतं, आणि शेवटचं कडवं संपलं की ते आपोआप बरं होतं.